चकत्यांवरचे आकडे

रविवारची दुपारची जेवणं उरकली की पारखीच्या घरी पोकरचा डाव मांडला जायचा. वीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. पैशाचा खेळ नव्हे; पैसे लावायला होते कुणाकडे? ज्याच्या सगळ्या चकत्या संपतील त्यानं दुपारची भांडी घासायची, एवढीच पैज. पण माणसं जिवावर उदार होऊन खेळायची. चार घरच्या माणसांना भांड्यांच्या भीतीनं खोटं बोलताना ज्यानं पाहिलं नाही, त्याला या खेळातली गंमत कळायची नाही.

पारखी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. फरशीच्या कारखान्यात तो रंगाची शेड, म्हणजे छटा, बघायचा, म्हणून सगळे पारखी म्हणायचे, आणि पुढं पुढं शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. भट्टीतून निघणारी फरशी एकाच रंगाची असते असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. एकाच घाण्यातली एक फरशी जराशी पिवळट निघते, दुसरी जराशी करडी. सुटी पाहिली तर काही कळत नाही, पण शेजारी शेजारी बसवली की डोळ्यांत खुपते. म्हणून सरकत्या पट्ट्याच्या कडेला पांढऱ्या ट्यूबलाइटखाली पारखी खुर्ची टाकून बसायचा आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक फरशीवर मेणाच्या पेन्सिलीनं एक, दोन किंवा तीन रेघा ओढायचा. पट्ट्याच्या शेवटी उभी असलेली बाई रेघा बघून फरशा त्या त्या पेटीत भरायची. हे काम त्यानं तीस वर्षं केलं होतं. मालक पाहुण्यांना कारखाना दाखवायला घेऊन आला की आधी भट्टी दाखवायचा आणि मग पारखी.

आठ महिन्यांपूर्वी तो गुपचूप एका लांबच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. डोळ्याच्या पडद्याला साखरेनं धरलंय, डॉक्टर म्हणाला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण याला तसा काही इलाज नाही. पारखीला दिसायचं सगळं. माणसं दिसायची, पत्ते दिसायचे, जिन्याच्या पायऱ्या दिसायच्या. फक्त निळं आणि हिरवं एक होऊन गेलं होतं, पांढरं आणि फिकट पिवळं एक होऊन गेलं होतं. म्हणजे नेमकं तेच गेलं होतं ज्याच्यावर त्याचं पोट चालत होतं. निवृत्तीला वीस महिने उरले होते. हे बाहेर फुटलं असतं तर खुर्ची गेली असती, मान गेला असता, आणि मालाच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत बसायची पाळी आली असती. त्यानं कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

मग तो अंदाजानं रेघा ओढू लागला. पहिले काही दिवस तक्रारीची वाट बघण्यात गेले. पण महिना गेला, दोन गेले, तक्रार काही आली नाही. सात महिने झाले तरी आली नाही. तेव्हा त्यानं स्वतःची समजूत घातली की तीस वर्षांची सवय आहे, डोळे गेले तरी हात चुकत नाही. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला फार पुरावा लागत नाही. तरी सोंग ते सोंगच. रोज आठ तास दिसल्यासारखं करून बसायचं, याचा जेवढा शीण व्हायचा तेवढा तरुणपणी फरशा उचलूनही झाला नव्हता. घरी आल्यावर तो बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहायचा. बायको विचारायची, काय झालं? तो म्हणायचा, वय झालं.

आणि मग एका महिन्यात तीन तक्रारी आल्या. तिन्ही एकाच हॉटेलच्या. दालनभर फरशी बसवून झाल्यावर लक्षात आलं की अर्धं दालन पिवळट आणि अर्धं करडं. पेट्यांवर शिक्का होता तो पॅकिंगच्या बाईच्या नंबरचा, आणि ती बाई म्हणजे पारखीची सख्खी बहीण, धाकटी. वर्षभरापूर्वी तिला त्याच्याच पट्ट्यावर आणलं होतं. ऑफिसनं सरळ हिशेब केला: पारखी चुकणं शक्य नाही, तेव्हा पेटी भरताना सरमिसळ झाली. सोमवारी तिची चौकशी होती. दोष ठरला तर कामावरून कमी. तिच्या नोकरीची अजून अकरा वर्षं बाकी होती, आणि ती चौकशीच्या आधीच म्हणत होती, "त्या आठवड्यात माझ्या अंगात ताप होता. चुकले असेन. लिहून देते."

पारखीनं हे ऐकलं आणि तो गप्प बसला. ताप होता ना तिला, असेल तिचीच चूक, असं मनाशी म्हणाला. म्हणताना त्याला लाज वाटली. लाज वाटूनही तो गप्पच बसला.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी नव्या चकत्या आल्या.

जुन्या चकत्या धाकटीच्या नवऱ्यानं केलेल्या होत्या. तो त्याच कारखान्यात भट्टीवर होता. वीस वर्षांपूर्वी उरल्यासुरल्या मातीच्या त्यानं रुपयाएवढ्या चकत्या कापल्या, डब्यांच्या तळाशी राहिलेली पाच रंगांची झिलई त्यांना लावली आणि फरशांच्या कडेनं भट्टीत भाजून आणल्या. पांढरी म्हणजे एक, पिवळी पाच, निळी पंचवीस, हिरवी शंभर, तपकिरी पाचशे. यातलं कुठंही काही लिहिलेलं नव्हतं, सगळं डोक्यात. प्रत्येक झिलई वेगळ्या डब्यातली, म्हणून प्रत्येक रंग हाताला वेगळा लागायचा. पांढरी बुळबुळीत, पिवळीवर घामोळ्यासारखे पुरळ, निळी खरखरीत. आठ महिने पारखी या चकत्यांशी बोटांनी खेळत होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण फुटून फुटून त्या शंभराच्या आत आल्या होत्या. पाच माणसांना पुरेनात.

भट्टीवाल्यानं बुटाच्या खोक्यातून नव्या चकत्या टेबलावर ओतल्या. पारखीनं मूठभर उचलून अंगठ्यानं चाचपल्या. सगळ्या एकाच झिलईच्या, नुसता रंग वेगळा कालवलेला. सगळ्या एकसारख्या गुळगुळीत.

"अजून पक्क्या नाहीत," भट्टीवाला म्हणाला. "आकडे टाकायचे असतील तर काळ्या रंगानं टाकतो आणि परत एकदा भाजतो. नको असतील तर झाल्याच आहेत. काय ते एकदा ठरवा. तीनशे चकत्या आहेत, हातानं आकडे काढायचे म्हणजे माझी मान मोडणार आहे, एवढं लक्षात ठेवून ठरवा."

"म्हणजे तुमचं मत आकडे नकोत," पारखीची बायको म्हणाली. "माझं हवेत. दर रविवारी मी विचारते निळी किती आणि हिरवी किती, आणि दर रविवारी तुम्ही सगळे हसता. एकदाचे आकडे टाका, सुटेन मी."

पाचवा गडी मुकादम. पट्ट्यावरची माणसं त्याच्या हाताखाली. एकटा माणूस, रविवारी जेवायलाही इथंच असायचा, आणि आज उद्याच्या चौकशीमुळे जरा चोरट्यासारखा बसला होता. विषय चकत्यांवर आलेला पाहून त्याला बरं वाटलं. "आकडे अजिबात नकोत," तो म्हणाला. "आकडा टाकला की चकती त्या आकड्याला जखडली. आज लहान डाव खेळावासा वाटला तर निळी पाचची करता येते, उद्या पाचशेची. आणि दुसरं म्हणजे, हे पारखीचं घर आहे. इथं रंग ओळखायला आकडे लागतात असं कळलं तर कारखाना हसेल."

"हसू दे," धाकटी म्हणाली. "आकडे पाहिजेत."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. कारण गेली वीस वर्षं हीच बाई म्हणत आली होती की आकडे कच्च्या लिंबांना लागतात. नवऱ्यानं एकदा सुचवलं तर त्याला तिनं आठवडाभर कच्चं लिंबू म्हणून हाक मारली होती.

"तुला काय झालं एकदम?" भट्टीवाल्यानं विचारलं.

"काही नाही. वहिनीचं बरोबर आहे. आठवडाभर रेघाच बघायच्या आणि रविवारी परत रंगच बघायचे, कंटाळा आला. आकडा असला की डोक्याला ताप नाही." बोलताना ती पारखीकडं बघत नव्हती. खूप प्रयत्न करून बघत नव्हती.

दोन विरुद्ध दोन झाले. "पारखी, आता तुमच्यावर," मुकादम म्हणाला.

ज्याला आकडे सगळ्यात जास्त हवे होते त्याच्यावरच गोष्ट आली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. मोठे काळे आकडे आले असते, आणि निदान रविवारी तरी त्याला सोंग करावं लागलं नसतं. पण मुकादम समोर बसला होता. पारखीच आकडे मागतोय असं त्याच्या मनात आलं तर? पारखीच्या तोंडातून भलतंच निघालं.

"आकडे कशाला? नकोत."

"दादा, नीट विचार कर," धाकटी म्हणाली.

"केला. वाट पत्ते."

पहिल्याच डावात त्याच्या हातात काही नव्हतं. पाचची चकती टाकून बघावं म्हणून त्यानं पिवळी समजून एक टाकली. मुकादम म्हणाला, "एक? पांढरी टाकता होय? घाबरलात." पारखी म्हणाला, "सुरुवात आहे." दुसऱ्या फेरीला त्यानं पंचवीसची निळी पुढं सरकवली आणि मुकादम पुढं वाकला.

"शंभर?" मुकादमानं विचारलं.

म्हणजे ती हिरवी होती. "शंभर," पारखी म्हणाला.

"दादाचं असंच असतं," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "आधी एक टाकून झोपवतो आणि मग शंभर." मुकादमानं बराच वेळ आपल्या पत्त्यांकडं पाहिलं आणि ते पालथे ठेवले. त्याच्याकडं दोन राजे होते; नंतर त्यानंच दाखवले. पारखीच्या हातात एक सत्ती आणि एक तिर्री. सगळे हसले. मुकादम म्हणाला, असं काळीज पाहिजे. पारखीही हसला, आणि त्याच्या मनात आलं, आता हे पण. कारखान्यात अंदाजानं रेघा ओढल्या तर नजर म्हणतात आणि इथं चुकीची चकती टाकली तर काळीज म्हणतात. त्याला एकदम सगळ्याचा वीट आला.

डाव कुणीही जिंकला की मधला ढीग रंगवार लावून द्यायचा मान पारखीचा. हा तिथला रिवाजच होता. पूर्वी तो गप्पा मारता मारता, टेबलाकडं न बघितल्यासारखं करून दहा-दहाच्या उभ्या चळती लावायचा. आता त्यानं ढीग पुढं ओढला आणि तो एक एक चकती तोंडाजवळ नेऊ लागला.

"मी लावते," धाकटी म्हणाली. "तू पत्ते पीस." आणि तिनं हात घातला. पारखीनं पांढऱ्यांवर ठेवलेली एक चकती तिनं अंगठ्यानं अलगद ढकलून शेजारच्या चळतीवर नेली. मग आणखी एक. इतक्या सराईतपणे की बघणाऱ्याला वाटावं, ती नुसती चळत सारखी करतेय.

पारखी त्या अंगठ्याकडं बघत राहिला. अंगठा काळा होता. नखात, नखाच्या कडेला, कातडीच्या बारीक रेषांमध्ये काळं मेण मुरलेलं होतं, धुऊनही न जाणारं. त्याच्या स्वतःच्या बोटांना तीस वर्षं तसंच होतं. पण त्याच्या हातात पेन्सिल असते. पेट्या भरणाऱ्या बाईच्या हातात कशाला असेल?

त्यानं तिचं मनगट धरलं. "हे काय आहे?"

"काही नाही. शाई असेल."

"पेन्सिल आहे ती."

धाकटीनं हात ओढून घेतला आणि टेबलाखाली नेला. तेवढ्यात पारखीला सगळं कळलं. सात महिने तक्रार का आली नाही ते कळलं. ती त्याच्या रेघा अंगठ्यानं पुसत होती आणि तिथंच, चालत्या पट्ट्यावर, दुसऱ्या ओढत होती. आणि पेट्याही भरत होती. तापानं सहा दिवस तिला धड उभं राहवत नव्हतं तेव्हा ते जमलं नाही, एवढंच. आणि उद्या ती त्याच सहा दिवसांचा दोष स्वतःच्या नावावर लिहून देणार होती.

"हात लावू नका आता कुणी," पारखी म्हणाला.

आपल्यापुढच्या सगळ्या चकत्याही ढिगात ओतून त्यानं तो परत मोडला आणि पहिल्यापासून एकट्यानं लावायला घेतला. बराच वेळ गेला. त्याची बायको एकदा "अहो" म्हणाली. शेवटी त्यानं पाचही चळती दोन्ही हातांनी मुकादमापुढं सरकवल्या. तपकिरी तेवढी एकजात होती. बाकीच्या चारांमध्ये पांढऱ्यात पिवळ्या आणि निळ्यात हिरव्या अशा मिसळल्या होत्या की एखाद्या लहान पोरानंही तशा लावल्या नसत्या.

"हे बघा, मुकादम," तो म्हणाला. "माझ्या परीनं नीट लावल्यात. आठ महिने मी असंच लावतोय. उद्याच्या चौकशीत हिला बोलावू नका. पेट्या नाही चुकल्या. रेघा चुकल्या."

मुकादम चकत्यांकडं बघत राहिला. पांढऱ्यांतली एक पिवळी उचलून त्यानं ती उलटसुलट केली.

बायको म्हणाली, "मलासुद्धा सांगितलं नाहीत. रोज विचारायचे मी." तिचा आवाज चिडका नव्हता, आणि म्हणूनच पारखीला तो जास्त लागला.

चिडली ती धाकटी. "कोणी सांगितलं होतं तुला बोलायला? वीस महिने राहिले होते, मी नेले असते निभावून. ही चौकशी पण निघून गेली असती."

"तुझी नोकरी गेली असती."

"मला दुसरी मिळाली असती कुठंतरी. तुला आता कोण देणार आहे?"

"नाही निभत गं आता," पारखी म्हणाला. "दमलो."

"मी नाही का दमले?" धाकटी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती ते बोलली होती, आणि एकदा बोलल्यावर तिला थांबता येईना. दोन्ही हातांत तोंड झाकून ती रडत राहिली. तिच्या नवऱ्याला काय करावं कळेना, तेव्हा तो चकत्या खोक्यात भरायला लागला. "आकडे टाकतो," तो कुणाकडंही न बघता म्हणाला. "मोठे टाकतो. मान मोडली तर मोडली."

मुकादमानं आपल्यापुढच्या उरलेल्या चकत्या खोक्यात टाकल्या. तो वाईट माणूस नव्हता, पण कागदाचा माणूस होता आणि अडचणीत सापडला की कागदच आठवायचा. "चौकशी मी उद्या मागं घेतो," तो म्हणाला. "पारखी, तुम्हाला मात्र खुर्ची सोडावी लागेल. फाटकावर बसा वीस महिने, मी बघतो कसं जमवायचं ते. खुर्चीवर हिला बसवू. नाहीतरी हीच बसलीय." आणि मग त्याला काहीतरी आठवलं. "गंमत आहे पण. तक्रारींची वही माझ्याकडं असते. हे वर्षभर हिच्या तापाचा आठवडा सोडला तर एक तक्रार नाही. एकही नाही. त्याच्या आधीच्या वर्षी किती होत्या माहीत आहे? अकरा."

"अकरा?" पारखी म्हणाला. "मला कुणी बोललं नाही."

"तुम्हाला कशाला बोलायचं? तुमची चूक नसणारच असं धरलेलं. पॅकिंगच्या नावावर टाकल्या सगळ्या. त्यातच ती बाई गेली ना, हिच्या आधी तुमच्या पट्ट्यावर होती ती. उंच होती बघा."

पारखीला ती आठवली. कामावरून कमी केल्याचा कागद हातात घेऊन ती त्याच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली होती. दुसऱ्या हातात दोन फरशा होत्या. दोन्हींवर त्याच्या दोन-दोन रेघा होत्या. "साहेब, एकदा या बघा तरी," ती म्हणाली होती. त्यानं फरशांकडं न बघताच तिला सांगितलं होतं की तीस वर्षांत माझी रेघ चुकलेली नाही. ती फरशा खाली ठेवून निघून गेली.

तेव्हा त्याला सगळे रंग अगदी स्वच्छ दिसत होते.